म्हापशातल्या 'वुमन वेलनेस पॅकेज'चा रिव्ह्यू, आणि मध्येच गावच्या सिस्टरचा पण

स्टार आधीच सांगून टाकते, पाचपैकी अडीच. त्यातले दोन ज्या बाईने सॅम्पल घेतलं तिचे आणि अर्धा बाथरूम स्वच्छ होतं त्याचा. सेंटरचं नाव लिहीत नाही, एक तर मला कुणाशी भांडायचं नाहीये आणि दुसरं म्हंजे असली पॅकेजं आता म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा सगळीकडे निघालीत, बोर्ड बदलला तरी आतला मामला थोडाफार तोच असणार.

मी ३८ ची, बार्देसात राहते, माहेर पेडण्याकडचं. इतक्या वर्षांत गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची टेस्ट कधी केली नव्हती आणि मावशीला तो झाला नसता तर अजूनही केली नसती. मावशी ६१ ची, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली, आणि तिला परत अंगावरून जायला लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही. उष्णता झाली म्हणून सब्जा पी, कोकमचं पाणी पी, असं करत पाच महिने काढले. चवथीला सगळे जमलो तेव्हा ती नेवऱ्या करायला बसली आणि दर थोड्या वेळाने उठून आत जातेय हे आईच्या लक्षात आलं. मग कळलं की नुसतं रक्त नाही, वास येणारं पाणी पण जातंय आणि कंबर दुखतेय. पाळी बंद झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी डॉक्टरकडे जायचं असतं, संबंधानंतर रक्त गेलं, दोन पाळ्यांच्या मध्येच गेलं तरी जायचं असतं, हे आमच्या घरात एकाही बाईला माहीत नव्हतं, आणि आम्ही चांगल्या शिकलेल्या सात-आठजणी आहोत हो त्या घरात.

तर त्यानंतर मी हे पॅकेज घेतलं. ४४९९ रुपये. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) चालतं का विचारलं तर रिसेप्शनवाली नुसती हसली. यादी बघितली तर लांबलचक, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, बी ट्वेल्व्ह, साखर, कोलेस्ट्रॉल, सीए १२५, पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी ब्रशने घेऊन तपासतात ती), वर एक डाएट कन्सल्टेशन फ्री. मला वाटलं वा, सगळंच आलं यात. नंतर कळलं की सीए १२५ चा गर्भाशयाच्या मुखाशी संबंधच नाही, ती अंडाशयासाठी वापरतात आणि काही तक्रार नसलेल्या बाईला उगाच ती करून फायदा होत नाही असं डॉक्टरच सांगतात. आणि जी टेस्ट खरं तर यात सगळ्यात महत्त्वाची, एचपीव्हीची, म्हंजे मुखाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची, ती पॅकेजात नव्हती!! ती ॲड-ऑन, १८०० वेगळे. म्हंजे लग्नाच्या जेवणाचे पैसे घ्यायचे, पानात लोणची-पापड-कोशिंबीर सगळं वाढायचं आणि भात हवा असेल तर वेगळा चार्ज लावायचा. मी ते १८०० भरले कारण मावशीच्या वेळी एचपीव्ही हा शब्द इतक्यांदा ऐकला होता की ती टेस्ट सोडायची हिंमत झाली नाही.

आता वेटिंगमधला प्रकार. एसी मस्त, खुर्च्या मऊ, टीव्हीवर कुकिंग शो. आणि तेवढ्या शांततेत काउंटरवरून आवाज, "पॅपसाठी कोण आहे पॅपसाठी?" तिथे तीन पुरुष बसलेले, एक तर आमच्या वाड्यावरचाच. मी उठले, काय करणार. माझ्या पुढे एक मुलगी होती, तिशीची असेल, बॅंकेतलं कार्ड गळ्यात, तिला त्या काउंटरवालीने सगळ्यांसमोर विचारलं मॅरीड का अनमॅरीड, ती अनमॅरीड म्हणाली, मग तुमची ही होत नाही म्हणून फॉर्म परत. ती मुलगी एक शब्द न बोलता पर्स उचलून गेली. मला तेव्हा काही सुचलं नाही पण नंतर खूप राग आला. टेस्ट लागते की नाही हे वयावर आणि संबंध आलेत की नाही यावर ठरतं, मंगळसूत्रावर नाही ठरत, आणि हे विचारायचं असेल तर आत नेऊन दार लावून विचारा ना. ती पोरगी आता परत दहा वर्षं कुठल्या दवाखान्याची पायरी चढेल का सांगा.

आत मात्र जी बाई होती ती सोनं. पन्नाशीची, केरळची असावी, पण कोकणी फाडफाड. टेबलावर झोपवायच्या आधी तिने मला ते आत बघायला लावतात ते प्लास्टिकचं स्पेक्युलम हातात दिलं, बघ म्हणाली, बदकाच्या चोचीसारखं असतं. ब्रश दाखवला, आपण बाटली धुवायला वापरतो ना तसला पण इवलासा. "भियेवं नाका बाय, लांब श्वास घे आनी पांयांची बोटां हालय," म्हणाली. पायांची बोटं हलवत बसलं की खालचे स्नायू घट्ट धरता येत नाहीत, हे तिने नंतर सांगितलं. दुखलं नाही, आत कुणीतरी बोटाने टोचल्यासारखं झालं आणि पोटात एक कळ आली तेवढंच. तो ब्रश तिने एका छोट्या बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात घुसळला, झाकण लावलं, माझं नाव मला वाचून दाखवलं आणि संपलं. मी घड्याळ बघितलं होतं, चार मिनिटं. या चार मिनिटांना मी १५ वर्षं घाबरत होते. तिनेच सांगितलं की पाळीत यायचं नाही, आणि आधीचे दोन दिवस संबंध, आत ठेवायच्या गोळ्या, क्रीम यातलं काही नको, रिझल्ट बिघडतो. हे बुकिंगच्या वेळी कुणी सांगितलं होतं का, अजिबात नाही, माझं नशीब की मी योगायोगाने नीट दिवशी गेले.

इथपर्यंत असतं तर मी चार स्टार दिले असते, काउंटरचा एक कापून.

रिपोर्ट नवव्या दिवशी आला. रात्री ११:४० ला, व्हॉट्सॲपवर, पीडीएफ. मी झोपायच्या तयारीत, मोबाइल चार्जिंगला लावायला उचलला आणि समोर लाल ठळक अक्षरात एस्कस, त्याच्याखाली एचपीव्ही हाय रिस्क डिटेक्टेड, आणि सगळ्यात खाली काइंडली कोरिलेट क्लिनिकली. बस. कुणाचा फोन नाही, कुणाचा मेसेज नाही, काय करायचं, घाबरायचं का, कुणाकडे जायचं, काही नाही. रात्री पावणेबाराला एकटी बाई काय कोरिलेट करणार? मी गुगल करत बसले आणि पहाटे चारपर्यंत मनातल्या मनात मुलीचं लग्नसुद्धा माझ्याशिवाय लागलं.

सकाळी फोन केला तर म्हणे डॉक्टर सोमवारी येतात, कन्सल्टेशन पॅकेजमध्ये इन्क्लुडेड नाही, ७०० रुपये. डाएटवाली फ्री आहे, तिची अपॉइंटमेंट देऊ का? खरंच असं विचारलं.

आता सिस्टरकडे येते. माझी जाऊ गावात असते, तिने महिनाभर आधी गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन फुकटातली टेस्ट केली होती, मीच सोबत गेले होते. ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी हा सरकारी कार्यक्रमच आहे, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख असे तिन्ही कॅन्सर त्यात येतात. तिथे पॅप नाही, व्हीआयए करतात. म्हंजे स्पेक्युलम लावून मुखावर पातळ ॲसिटिक ॲसिड कापसाने लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि बघायचं. पेशींमध्ये गडबड असेल तर तो भाग पांढरा पडतो. जाऊ म्हणाली ॲसिड?? सिस्टर हसली, म्हणाली स्वयंपाकघरातलं व्हिनेगर असतं तेवढंच तीव्र. जाऊ घरी आल्यावर त्या दिवशी माशाच्या आमटीसमोर बसून किती हसली ते मला आठवतंय. केंद्राचं कौतुक करतेय म्हणून वाईट लपवत नाही, पडदा आखूड होता, पाय दिसत होते, फॅनची एक पात वाजत होती, आणि साडेनऊला बोलावून पावणेबाराला घेतलं. पण हातात कार्ड दिलं, त्यावर निगेटिव्ह लिहिलं, पुढची तारीख लिहिली आणि सिस्टरने स्वतःचा नंबर लिहिला.

तो नंबर मी लावला. माझी टेस्ट तिच्याकडे झालेलीच नव्हती, तिचा माझ्याशी काही संबंध नाही, तरी म्हणाली ये रिपोर्ट घेऊन. मी गेले, ती लसीकरणाच्या गडबडीत, एका हातात बाळाचं कार्ड, तिने माझा मोबाइल घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला, वाचलं आणि पहिलं वाक्य, "हा कॅन्सर नव्हे." मी तिथेच रडले, त्या बाळाची आई माझ्याकडे बघत राहिली.

मग तिने जे सांगितलं ते लिहिते कारण ४४९९ अधिक १८०० देऊन मला हेच पाहिजे होतं. एस्कस म्हंजे काही पेशी जरा वेगळ्या दिसल्या, का ते नक्की सांगता येत नाही, साध्या इन्फेक्शनने पण होतं. एचपीव्ही हा विषाणू बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधीतरी होतो, कातडीला कातडी लागून पसरतो, कंडोमने धोका कमी होतो पण शून्य होत नाही. दहातल्या नऊजणींचं शरीर दोन वर्षांत तो आपणहून घालवतं, कळत पण नाही. ज्यांच्या अंगात तो वर्षानुवर्षं टिकून राहतो त्यांच्या पेशी हळूहळू बिघडत जातात, आणि हळूहळू म्हंजे चांगली पंधरा-वीस वर्षं, एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर पाच-दहा. सिगरेट ओढणाऱ्यांना जास्त, लहान वयात लग्न झालेल्यांना, खूप बाळंतपणं झालेल्यांना, वर्षानुवर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना थोडा जास्त धोका. (मावशीचं लग्न सतराव्या वर्षी, मुलं पाच. मी मनात बेरीज करत होते.) या विषाणूचे पुष्कळ प्रकार आहेत, त्यातले १६ आणि १८ नंबरचे सगळ्यात वाईट, साधारण ७० टक्के सर्व्हायकल कॅन्सर त्या दोघांमुळे. माझ्या रिपोर्टात 'अदर हाय रिस्क' लिहिलं होतं, म्हंजे ते दोघे नाहीत पण त्यांचे भाऊबंद. एस्कस आणि एचपीव्ही दोन्ही आलंय तर दुर्बिणीतून बघून घ्यायचं, कॉल्पोस्कोपी. बांबोळीला, सरकारी मेडिकल कॉलेजात जा नाहीतर बाहेर कर, पण कर, असं म्हणून तिने माझाच नंबर स्वतःच्या मोबाइलात घातला.

आणि मग तिचे फोन. तीन. पहिला चौथ्या दिवशी, गेलीस? मी म्हटलं मुलीची परीक्षा आहे. दुसरा आठ दिवसांनी, गेलीस? मी म्हटलं जाते. तिसऱ्याला म्हणाली, "आता मी तुझ्या सासूला फोन करीन." गेले.

पर्वरीत एका गायनॅककडे केली. टेस्ट तशीच, फक्त अंगाबाहेर उभी ठेवलेली एक दुर्बीण आणि बाजूला स्क्रीन. आधी व्हिनेगरवालं पाणी, मग आयोडीन, स्क्रीनवर मला दाखवलं, गुलाबी गोल आणि त्यात घड्याळातल्या अकराच्या जागी पांढरा डाग, जाईच्या पाकळीएवढा. त्याचा तुकडा घेतला तेव्हा चिमटा बसला, जोरात, खोटं नाही सांगत. नंतर तपकिरी लेप लावला रक्त थांबायला, त्याचे कॉफीच्या चोथ्यासारखे कण दोन दिवस पॅडवर येतात, आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. बायॉप्सीत सिन वन. पहिल्या पायरीचा बदल, बहुतेक वेळा आपोआप जातो, काही काढायचं नाही, वर्षाने परत एचपीव्ही करायची. सिन टू-थ्री असतं तर विजेच्या तारेच्या लूपने तेवढाच भाग कापून काढतात, लीप म्हणतात त्याला, आणि बाई बहुतेक त्याच दिवशी घरी. मावशीला दहा वर्षांपूर्वी कुणी या टेबलावर झोपवलं असतं तर तिचं काम एवढ्यावरच भागलं असतं बहुतेक. हे डोक्यातून जात नाही.

नवऱ्याबद्दल पण लिहिते, लिहू नको वाटत होतं. रिपोर्टच्या रात्री तोही उठला, मी सांगितलं विषाणू आहे, कसा पसरतो ते वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, म्हंजे हे माझ्याकडून आलं की... आणि पुढचं वाक्य गिळलं. ते गिळलेलं वाक्य आमच्या घरात आठवडाभर फिरत होतं. गायनॅकने दोघांना समोर बसवून सांगितलं की हा विषाणू कित्येक वर्षं गुपचूप बसून राहू शकतो, लग्नाआधीचा असेल, कुणाचा, कधीचा, हे कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही, आणि पुरुषांसाठी याची नेहमीची अशी टेस्टच नाही. तिने ते पाच मिनिटांत इतकं साधं करून सांगितलं की परत येताना आम्ही म्हापशाला उतरून भाजी-पाव खाल्ला. रिपोर्टच्या पीडीएफमध्ये ही एक ओळ टाकायला सेंटरला काय पैसे पडतात? कितीतरी घरात त्या रात्री भांडणं होत असतील.

मी नंतर बरंच वाचलं, मुख्य म्हंजे मला जाणून घ्यायचं होतं की जावेची फुकटातली टेस्ट फालतू आणि माझी पैसेवाली भारी असं काही आहे का. तर मुंबईत टाटा मेमोरियलने झोपडपट्टीतल्या दीड लाखाच्या आसपास बायकांवर मोठा अभ्यास केलाय, डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केलं, तेवढ्याने या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी झाले. आणि उस्मानाबाद, म्हंजे आताचं धाराशिव, तिथल्या खेड्यांतल्या १ लाख ३० हजारांवर बायकांचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला, त्यात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने आठ वर्षांत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरात आता हाच अभ्यास दाखवतात. आपल्या मराठवाड्यातल्या, कोरडवाहू शेतीवर राबणाऱ्या बायकांनी जगाला शिकवलेली टेस्ट म्हापशाच्या एसीत बसून १८०० ची ॲड-ऑन! तर उत्तर असं की एचपीव्ही जास्त पकडते, मिळत असेल तर तीच करा, पण हाताशी व्हीआयए असेल तर एचपीव्हीची वाट बघत बसू नका, जाऊ काही माझ्या मागे नाही.

मावशीचं काय झालं ते विचाराल म्हणून सांगते. तिचं निघालं स्टेज टू-बी, म्हंजे मुखाच्या बाजूच्या भागात पसरलेलं. त्या स्टेजला ऑपरेशन करत नाहीत, रेडिएशन आणि किमो एकत्र देतात, आणि बरं करण्यासाठीच देतात. पण गावात काय पसरलं, "ऑपरेशन करीत नाहीत म्हंजे झालं." दोन बायका तर भेटायला येताना अशा रडत आल्या की मावशीनेच त्यांना चहा करून दिला. ट्रीटमेंट गोव्याबाहेर केली, बेळगावला मामेभावाकडे सहा-सात आठवडे राहिली ती. आठवड्यातून पाच दिवस असं पंचवीस वेळा बाहेरून रेडिएशन, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाची सलाइन, आणि शेवटी ब्रॅकी, म्हंजे आतून रेडिएशन. सुरुवातीला तिचं हिमोग्लोबिन ८.४, आधी रक्त चढवलं, कारण रक्त कमी असलं की रेडिएशनचा परिणाम कमी होतो. रोजचा प्रॉब्लेम वेगळाच होता, मशीनवर जायच्या आधी पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची, मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात आणि वाचतात. मावशी म्हणायची कॅन्सर परवडला पण ही लघवी धरून बसायची नको. तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब, भात-ताक, पेज, तिखट बंद. थकवा इतका की केस विंचरायला हात वर होत नव्हता. आणि केसांचंच तिला सगळ्यात जास्त भय होतं, तिचा आंबाडा आणि त्यावर अबोलीची फाती हे आम्ही लहानपणापासून बघतोय. केस गेले नाहीत. या औषधाने सहसा सगळे जात नाहीत, थोडे पातळ झाले. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर ती पंधरा रात्री नीट झोपली असती.

ब्रॅकीची तिला भीती होती, भूल देऊन आत नळ्या बसवतात, मग खोलीत एकटीला ठेवून मशीन लावतात, थोडीच मिनिटं. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, नातवाला जवळ घेऊ का? घ्या हो, मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही. बाहेरून दिलेल्या रेडिएशनचं पण तेच.

आणि डायलेटर. हे कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहिते. रेडिएशननंतर योनीमार्ग आकसतो, आतून चिकटू शकतो, म्हणून प्लास्टिकची एक गुळगुळीत नळी देतात, जेली लावून आठवड्यातून काही वेळा वापरायची. मावशी तिथल्या नर्सला म्हणाली, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मला हे कशाला? नर्सने न लाजता सांगितलं की मावशी, तुमच्या फॉलोअपला डॉक्टरांना आत बघता आलं पाहिजे, नाहीतर काही परत आलं तर दिसणार कसं. पटलं तिला. आता तो डायलेटर बिस्किटाच्या डब्यात कपाटात असतो आणि ती सिरियल लागायच्या आधी दार लावून घेते, सुनेला माहितीय, कुणी ठोकत नाही. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी जायचं, मग सहा महिन्यांनी. दोन फॉलोअप झाले, क्लीन. यंदा चवथीला नेवऱ्यांचं पीठ तिनेच मळलं, करंजीचा कातणा मात्र मला दिला, हात अजून लवकर दमतो.

लसीचं थोडक्यात. मुलगी १२ ची, तिला दिली. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक २०२३ पासून बाजारात आहे, ६, ११, १६, १८ या चार प्रकारांवर चालते, पंधराच्या आत असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, मोठ्या मुलींना तीन. दंड दुखला दिवसभर, शाळेला सुट्टी मिळाली म्हणून खूश. सासूबाई म्हणाल्या एवढ्यात कशाला, लग्न ठरल्यावर बघू. मी म्हटलं विषाणू लागायच्या आधी द्यायची असते ती, लग्नाच्या अक्षता पडायची वाट बघत नाही तो. लस घेतली तरी पुढे मोठेपणी टेस्ट करायचीच, सगळे प्रकार काही लसीत येत नाहीत. माझ्या अंगात आला तो 'अदर'वाला तर या चारात नाहीच.

परत सेंटरकडे. मी त्यांना मेल केला, शांतपणे, दोनच गोष्टी लिहिल्या, रिपोर्ट वेगळा आला तर आधी फोन करा आणि काउंटरवर मोठ्याने विचारू नका. उत्तर आलं 'थँक यू फॉर युअर व्हॅल्युएबल फीडबॅक'. पंधरा दिवसांनी मेसेज, महिला दिनानिमित्त त्याच पॅकेजवर २० टक्के सूट. एचपीव्ही अजून ॲड-ऑनच.

तरी जायचंच असेल तर शुक्रवारी जाऊ नका, म्हापशाचा बाजार असतो, पार्किंग मिळणार नाही आणि सगळा गाव भेटेल. बुधवारी-गुरुवारी सकाळी ती केरळची बाई असते, तिलाच विचारा. पूर्ण पॅकेज नको, काउंटरवर सांगा फक्त एलबीसी (म्हंजे ते बाटलीतलं पॅप) आणि एचपीव्ही, कुरकुर करतात पण देतात, मला आधी माहीत असतं तर निम्म्यात झालं असतं. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर नको, हातात घ्यायला येते म्हणून सांगा, आणि दिवसा घ्या. गावच्या सिस्टरला मी स्टार देत नाही, तिला तसल्या गोष्टीत इंटरेस्ट नाही, परवा फोन आला होता, वर्ष व्हायला आलं, तारीख लक्षात आहे ना म्हणून.